हद्दीतच हाय

आमच्या गल्लीत कुणाच्या लॅपटॉपवरचा एखादा आयकॉन दिसेनासा झाला की त्याचा पंचनामा होतो. चेष्टा नाही. कागदावर, तारीख-वेळ घालून, दोन पंचांच्या सह्यांनिशी होतो. तो करतात आमचे शेजारी गिरदावर काका.

मंडळ अधिकाऱ्याला आमच्याकडं अजून निजामाच्या काळातला 'गिरदावर' हाच शब्द चालतो. काका महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव बळीराम, पण ते पेन्शनच्या कागदावरच राहिलं. साऱ्या मुखेडला ते गिरदावर काका. उंच, काटकुळे, खिशाला कायम दोन पेनं. एक लिहायला आणि एक कुणी मागितलं तर द्यायला. दुसऱ्यात शाई नसते.

त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या स्पीकरमुळं. मी मूळची लातूर जिल्ह्यातल्या मुरुडची. बदली होऊन इथल्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायला आले त्याला दीड वर्ष झालं. नवरा नायगावात नोकरीला, तो रोज एसटीनं ये-जा करतो. घरी मी आणि सासूबाई. आल्या आल्याच एक दिवस दुपारी दोनला ऑनलाइन प्रशिक्षण होतं आणि पावणेदोनला पाहते तर खालच्या पट्टीवरचं स्पीकरचं चित्र गायब. घड्याळ जागेवर, बॅटरी जागेवर, वायफाय जागेवर, स्पीकर तेवढा नाही. मी स्वभावानं उतावळी. दिसेल ते दाबत सुटले. एक चौकट उघडली, तिला 'ओके' म्हटलं. दुसरी उघडली, तिलाही 'ओके' म्हटलं. त्या काय विचारत होत्या ते आजही मला ठाऊक नाही.

माझी तडफड पाहून सासूबाईंनी भिंतीवरून हाक मारली आणि पाच मिनिटांत काका दारात उभे राहिले. काखेत लाल कापडात गाठ मारून बांधलेलं गाठोडं. पूर्वी तलाठी दफ्तर बांधायचे तसला बस्ता. मला वाटलं आत जुने कागद असतील. निघाला लॅपटॉप.

"आधी प्लग कुठं हाय ते दाखवा. पाणी मागून द्या," ते म्हणाले. स्वतःचा लॅपटॉप चार्जिंगला लावला, वही काढली आणि मग माझ्याकडं वळले.

"शेवटचं कुणी पाहिलतं?"

"मीच. काल."

"टाइम?"

"काका, दोन वाजता माझं ट्रेनिंग आहे हो!"

"म्हणूनच इचारायलोय. घाईत तपास बिघडतो. टाइम?"

पंच म्हणून एक सासूबाईंना बसवलं, दुसरा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या मुनीरला बोलावलं. सासूबाई म्हणाल्या, "मला काय कळायलंय भाऊ त्यातलं?"

"पंचाला कळायची गरज न्हाई, बाई. दिसायला पायजे."

मग त्यांनी हरवलेल्या स्पीकरची चतुःसीमा लिहून घेतली. मी शेजारी उभी राहून वाचत होते. 'पूर्वेस बॅटरी. पश्चिमेस वायफाय. उत्तरेस मॅडमच्या गच्चीवरील जास्वंदीचा फोटो. दक्षिणेस लॅपटॉपची कड व त्यापुढे टेबल, सदर टेबल मॅडमच्या मालकीचे.' नकाशात वरची बाजू उत्तर असते हे मीच मुलांना शिकवते, त्यामुळं हरकत घ्यायची सोयच नव्हती.

लिहून झाल्यावर त्यांनी वायफायच्या शेजारी पेन टेकवलं. तिथं वर तोंड करून एक बारीक बाण होता.

"ह्यो बाण कशाचा?"

"तो असाच असतो काका."

"असंच काय नसतं मॅडम. दाबा."

स्वतः दाबायचं नाही हा त्यांचा नियम. काहीही झालं तरी माऊसला हात लावत नाहीत. "कब्जा मालकाचा," म्हणतात. मी दाबलं. एक छोटी डबी उघडली आणि आत स्पीकर गपगार बसलेला. माझ्याच धुसमुसळेपणात तो कधीतरी आत ओढला गेला होता. काकांच्या सांगण्यावरून मी त्याला धरून बाहेर आणला आणि बॅटरीशेजारी सोडला. घड्याळात एक सत्तावन्न.

"बघा. गेलं कुठं?" काका टोपी नीट करत म्हणाले. "हद्दीतच हाय."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. वहीच्या शेवटच्या रकान्यात त्यांनी 'शेरा' लिहिला, 'मिळकत हद्दीत मिळून आली', आणि पंचांच्या सह्या घेतल्या. जाताना मला एक समज दिली. मघाशी दोन वेळा मी 'ओके' म्हटलं होतं ते सासूबाईंनी जबाबात सांगून टाकलं होतं. "मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. मजकूर वाचल्याबिगर अंगठा लावू न्हाई."

मला राग आला. दोन मिनिटांनी प्रशिक्षण सुरू झालं, आवाज खणखणीत यायला लागला, आणि राग गेला.

त्यानंतर मी त्यांचे किती पंचनामे पाहिले याची मोजदाद नाही. नोकरीच्या शेवटी शेवटी सातबारा कॉम्प्युटरवर गेला तेव्हा खात्यानं त्यांच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला. बरोबरीचे लोक मुदतीआधी घरी बसले. काका बसले नाहीत. त्यांनी कोरी वही घेतली आणि पडद्यावरच्या एकेका चित्राची नोंद केली, गावच्या खातेदारांची करावी तशी. नाव, जागा, दाबल्यावर काय होतं, शेजारी कोण. खालच्या पट्टीवर बसलेल्या आयकॉनना ते अजून खातेदारच म्हणतात. खात्यातल्या नव्या पोरांना दोन दिवसांत जे आलं ते काकांना यायला दोन महिने लागले असतील, पण काकांना आलेलं गेलं नाही.

बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून लोक लॅपटॉप पिशवीत घालून त्यांच्याकडं येतात. बचत गटाची बाई येते, ग्रामसेवक येतो, नवा मास्तर येतो. कुणाचं वायफाय नाहीसं झालेलं असतं, कुणाची अख्खी पट्टीच खाली सरकलेली असते. एका मास्तरची पट्टी उजव्या बाजूला उभी राहिली होती, तेव्हा काकांनी आधी दिशा बदलल्याचा स्वतंत्र उतारा केला. लोक हसतात, मीही हसते. पण मुनीरला काकांच्या दसपट कळतं आणि काकांना मुनीरच्या दुप्पट सापडतं, हे मुनीरच मला म्हणाला. कारण सोपं आहे. काका वस्तू हरवली असं मानतच नाहीत. ती कुठंतरी आहे आणि आपण अजून तिथं पाहिलेलं नाही, एवढंच त्यांना मान्य असतं. अशा माणसाच्या शेजारी राहण्यात मोठा आधार वाटतो. माझ्या किल्ल्या मला पूर्वीपेक्षा लवकर सापडतात.

एकच गोष्ट मला कधी कळली नाही. काका रीस्टार्टचं नाव काढू देत नाहीत.

जगात कुणाचाही लॅपटॉप अडला की पहिला सल्ला कोणता? बंद करून चालू करा. मुनीर तेच सांगतो. "काका, इतकं लिवायचं कशाला? रीस्टार्ट मारा ना, आपोआप येतंय." यावर इतका शांत माणूस ताडकन उभा राहतो. "बंद करून चालू करणं ह्येला तपास म्हणत न्हाई मुनीर. ह्येला दडपणं म्हणतेत!" नाइलाजानं दुसऱ्याचा लॅपटॉप रीस्टार्ट करावाच लागला तर ते उठून ओसरीवर जाऊन उभे राहतात. काम झालं की आत येतात.

आणि स्वतःचा लॅपटॉप तर ते कधीच बंद करत नाहीत. नुसता झाकतात. लाल बस्त्यात बांधून काखेत घेऊन हिंडतात. लग्नात जेवायच्या पंगतीआधी प्लगची जागा बघतात. पाहुण्यांच्या गावी मुक्काम करत नाहीत, कारण तिथं लाइटचा भरवसा नसतो. नायगावला सख्ख्या पुतण्याच्या घरभरणीला गेले आणि बॅटरी उतरायला लागली म्हणून ताटावरून उठून दीडच्या गाडीनं परत आले. पुतण्या रुसला. लोक म्हणतात गिरदावरला लॅपटॉपचं वेड लागलं. घरात एकटा जीव, दुसरं आहे काय त्याला, असंही म्हणतात. काकू वारल्या त्या मी इथं यायच्या सहा महिने आधी. मी त्यांना पाहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात काकांच्या बाजूची डीपी, म्हणजे लाइटचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. आमची लाइन दुसऱ्या डीपीवर, त्यामुळं आमच्याकडं लाइट होती. एक दिवस त्यांनी इन्व्हर्टरवर काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते बस्ता घेऊन दारात.

"मॅडम, सांजच्यापर्यंत चार्जिंगला राहू द्या. मी बोर्डाच्या हापिसात जाऊन बसतो, त्याबिगर ते लोक हालायचे न्हाईत." दोन पावलं गेले आणि फिरले. "झाकलेलाच राहू द्या."

रविवार होता. दुपारी मला शंका आली, प्लग नीट बसलाय का? चार्जिंगचा दिवा काही दिसेना. म्हणून मी झाकण उघडलं. चार्जिंग व्यवस्थित चालू होतं. पण पडद्याच्या मधोमध एक चौकट होती. अपडेट तुंबलेत, रीस्टार्ट करायचं का, अशा अर्थाचं काहीतरी. मला भरून आलं. साऱ्या तालुक्याचे लॅपटॉप हा माणूस नीट करतो आणि स्वतःच्याचं हे असं! आपणही कधीतरी त्यांच्या उपयोगी पडू या म्हणून मी दाबलं. मग पडद्यावर टक्के चढत गेले आणि मी चहा करून ते बघत बसले. फार समाधान वाटलं.

पाच वाजता काका आले. डीपी बदलून घेतली होती, चेहरा धुळीनं माखलेला पण खूष. मी ऐटीत सांगितलं, "काका, तुमचं एक काम परस्पर करून टाकलं बघा," आणि लॅपटॉप उघडून समोर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. खालची पट्टी डावीकडून उजवीकडं पाहिली. मग उजवीकडून डावीकडं पाहिली.

"इथं एक खातेदार होता," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. फोल्डर होता, त्याला लागून इंटरनेट होतं.

"पश्चिमेस फोल्डर. पूर्वेस इंटरनेट." आवाज नेहमीचा नव्हता. "मधी पत्त्याचं चित्र होतं. मयताचं नाव कमी करायचं तर अर्ज लागतो मॅडम. नोटीस काढावी लागती. तीस वर्षं मी त्येच काम केलं. ह्यो अर्ज कुणी दिलता?"

मयत कोण, तेही मला कळलं नाही. पण चूक कुणाची ते कळलं.

"मी दिला काका. चौकट आली होती. मी वाचली नाही, दाबली."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि बस्त्याचं लाल कापड मांडीवर घेऊन त्याच्या घड्या घालायला लागले. सासूबाईंनी पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

मग थोडं थोडं करून त्यांनी सांगितलं. काकूंना लॅपटॉपमधलं एकच येत होतं, पत्ते. एकट्यानं लावायचे पत्ते. दुपारची कामं उरकली की त्या काकांना उठवून खुर्चीवर बसायच्या. काका मागं उभे राहून सांगायचे, हा पत्ता तिथं टाक, तो इथं टाक. काकू चिडायच्या. "डाव माझा हाय का तुमचा?" एकदा काकांनी काकूंचा डाव अर्धा असताना लॅपटॉप बंद करून टाकला. तेव्हा जुना लॅपटॉप होता, डाव गेला. दोन दिवस काकू बोलल्या नाहीत. भाजीला मीठसुद्धा विचारून टाकायच्या त्या, पण ते दोन दिवस अळणीच वाढलं. तेव्हापासून काकांनी लॅपटॉप बंद करायचं सोडलं.

"नांदेडला हार्टच्या दवाखान्यात न्यायला गाडी दारात उभी होती," काका म्हणाले. "तवाबी ह्येच. म्हणली, चार दिसांनी येते, माझा डाव मोडू नका. मी म्हणलं, न्हाई मोडत." त्यांनी कापडाची घडी पुन्हा उलगडली. "दोन वर्षं मोडला न्हाई."

मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. रडायला आलं, पण ते काही उपयोगाचं नव्हतं. मी बस्त्यातून लॅपटॉपबरोबर निघालेली त्यांची वही ओढली आणि त्यांच्या खिशातलं दुसरं, म्हणजे चुकून बिनशाईचं, पेन घेतलं. त्यांनी ते बदलून दिलं.

"शेवटचं कुणी पाहिलं?" मी विचारलं.

काकांनी मान वर केली. "मी. आज सकाळी."

"टाइम?"

"आठ. रोज आठला बघतो."

मी लिहिलं. चतुःसीमा लिहिली. सासूबाईंना पंच म्हणून शेजारी बसवलं. लिहिता लिहिता माझी घाई ओसरली, तेव्हा कुठं मला त्या वहीचा खरा उपयोग कळला. मग एकेक हद्द तपासली. पट्टीवर नाही. बाणाच्या डबीत नाही. जास्वंद माझ्याकडं होती, काकांच्या पडद्यावर नुसतं निळं, तिथंही नाही. मग कोपऱ्यातलं बटन दाबून सगळ्या प्रोग्रॅमची यादी उघडली आणि एकेक नाव मोठ्यानं वाचत खाली उतरले. यादीच्या बरंच खाली पत्त्याचं चित्र दिसलं.

"प्रोग्रॅम आहे काका. पट्टीवर तो नुसता उघडा राहिलेला दिसत होता. लॅपटॉप बंद झाला म्हणून तिथून गेला."

"प्रोग्रॅम असू द्या. डाव हाय का?"

ते मला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं. जगातल्या प्रत्येक बटनाची परीक्षा घेणाऱ्या या माणसानं हे एकच कधी तपासलं नव्हतं, कारण तपासायचं तर बंद करावं लागलं असतं.

"तुम्ही दाबा काका. कब्जा मालकाचा."

"मालक हजर न्हाई," ते म्हणाले. "तुमी दाबा."

मी उघडलं. हिरवा पडदा आला आणि त्यावर दोन बटनं आली, एक वर, एक खाली, इंग्रजीत. माझं बोट सवयीनं वरच्यावर गेलं होतं. तिथंच थांबलं. मी वाचलं. वरच्यावर लिहिलं होतं, नवा डाव. खालच्यावर, आधीचा डाव पुढं चालू. मी दोन्ही परत वाचली, मग मराठीत करून मोठ्यानं वाचली. माऊसचा बाण खालच्यावर नेऊन सासूबाईंना विचारलं, "आई, बाण कुठल्या बटनावर दिसायलाय?"

"खालच्या," सासूबाई म्हणाल्या. "नीट दिसायलंय मला. दाब."

दाबलं. पत्ते एकेक करून मांडले गेले.

काका पुढं झुकले, पण त्यांचा अजून विश्वास बसला नव्हता. त्यांनी वही मागं मागं उलटली आणि एक पान काढलं. दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. पूर्ण पानभर त्या डावाचा पंचनामा, रांगवार. तो त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मी पडद्यावर बोट ठेवत गेले.

"पहिली रांग. चौकट राजा."

"आहे."

"दुसरी. किलवर दश्शी."

"आहे."

"तिसरी. इस्पिक राणी, तिच्यावर बदाम गुलाम."

"आहे काका. दोघं आहेत."

सातही रांगा जुळल्या. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, लावला, परत काढला. मग आजच्या पानावर शेरा लिहिला, 'मिळकत हद्दीत मिळून आली. डाव चालू.' वही माझ्यापुढं केली. मी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचलं आणि मगच सही केली.

वही परत देताना माझ्या सहज लक्षात आलं. पडद्यावर सातव्या रांगेत बदाम नव्वी उघडी पडली होती आणि दुसऱ्या रांगेतली किलवर दश्शी मोकळी होती. डाव अडलेला नव्हता.

"काका, चाल आहे की! ही नव्वी इकडं..."

"दिसायलंय," काका घाईनं म्हणाले आणि माझं बोट हलक्या हातानं बाजूला केलं. "दोन वर्षं झाली, दिसायलंय मला. सांगू नका लेकी. मागून सांगितलेलं तिला चालत न्हाई."

त्यांनी झाकण हळू खाली केलं आणि लाल कापडाची गाठ बांधली.